समुद्र बंद होण्याची तारीख

"समुद्र बंद करतात म्हणजे काय गो? त्याला काय दार आहे?"

बाबांनी फोनवर हे विचारलं तेव्हा तिकडे हर्णैला बंदरावर ढोल वाजत होते. ३० ऑगस्ट २०२३, बुधवार, नारळी पौर्णिमा. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता त्यामुळे सगळे सण मागे सरकलेले आणि नारळी पौर्णिमा पार ऑगस्टच्या टोकाला येऊन टेकलेली. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ मिरवणुकीनं पाण्याकडे चालला होता, बाबा फोन उंच धरून मला तो दाखवायचा प्रयत्न करत होते आणि मला लोकांची डोकी, मधेच आभाळ, मधेच बाबांचा अंगठा एवढंच दिसत होतं. मी टोकियोत, ऑफिसच्या जिन्यात उभी. बोलता बोलता सहज म्हटलं, बाबा, तुमचा समुद्र आज उघडला आणि आमचा उद्या बंद होणार. त्यावर त्यांचा हा प्रश्न.

तेव्हा फोनवर नीट सांगता आलं नाही, मागे एवढा गोंगाट. म्हणून इथे सगळं लिहितेय.

जपानमध्ये समुद्रात पोहण्याचे दिवस ठरलेले असतात. टोकियोच्या दक्षिणेला शोनानचा किनारा आहे, झुशी, कामाकुरा, एनोशिमा वगैरे, तिथे साधारण १ जुलैच्या आसपास 'उमिबिराकी' होते, म्हणजे शब्दशः समुद्र उघडणं. शिंतो पुजारी वाळूवर येऊन यंदाचा उन्हाळा सुखरूप जाऊ दे अशी प्रार्थना करतात आणि मग किनारा उघडतो. म्हणजे लाइफगार्ड येतात, पोहायची हद्द दाखवणारे बोये पाण्यात पडतात, निळा-पिवळा-लाल असा एकेक झेंडा दिवसाच्या पाण्याप्रमाणे चढतो, आणि वाळूवर 'उमिनोइए' उभी राहतात. उमिनोइए म्हणजे समुद्राचं घर. लाकडी फळ्यांच्या झोपड्याच त्या, फक्त दोन महिन्यांसाठी बांधलेल्या, आत कपडे बदलायला जागा, शॉवर, लॉकर, भाड्यानं मिळणाऱ्या रबरी ट्यूब, याकिसोबा म्हणजे परतलेल्या नूडल्स, आणि बर्फाचा गोळा, ज्याला इथे काकिगोरी म्हणतात. गोळ्याच्या दुकानाबाहेर निळ्या लाटांवर लाल अक्षर असलेलं एक छोटं निशाण फडफडत असतं, ते लांबून दिसलं की मला अजूनही पोटातून बरं वाटतं.

आणि मग ऑगस्ट संपला की हे सगळं उतरतं. फळ्या काढून ट्रकवर जातात, बोये जातात, लाइफगार्ड जातात. पाणी तसंच कोमट असतं, ऊनही तसंच असतं, कोणी हात धरून अडवतही नाही, पण लोक येत नाहीत. हंगाम संपला म्हणजे संपला. सर्फिंगवाले असतात, कुत्रं फिरवायला आलेले असतात, पण पोहणारं माणूस क्वचितच.

आमच्याकडे याच्या बरोब्बर उलट. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी, पण त्याच्या कितीतरी आधीपासून रीत अशी की पावसाळा लागला की होड्या वर ओढायच्या, झापांनी झाकायच्या, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात जायचं नाही. आमचं घर कोळीवाड्यात नाही, आमची नारळी-पोफळीची वाडी, समुद्रापासून दोनतीनशे पावलांवर, पण पंचांग त्यांचं तेच आमचं. जून-जुलैत रात्री झोपताना तो आवाज भिंतीतून यायचा. जेव्हा इथले लोक मुलाबाळांना घेऊन समुद्रावर जातात तेव्हा आमचा समुद्र कोणाला जवळ येऊ देत नाही, आणि इथला बंद होतो तेव्हा आमचा माणसांना परत घेतो. २०२३ ला तर मधे फक्त एका दिवसाचं अंतर पडलं.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना मला नेहमी थोडं थांबावं लागतं. मी समुद्राकाठी जन्मले, अठरा वर्षं तिथे काढली, पण समुद्रात कधी गेले नव्हते. घोट्यापर्यंत गेले असेन, गणपती विसर्जनाला गुडघ्यापर्यंत. बाबांचे एक चुलतभाऊ लहानपणी बुडाले होते, माझ्या जन्माच्या खूप आधी, आणि त्यानंतर आजीनं घरातल्या सगळ्या पोरांसाठी नियम घातला की वाळूवर जिथे ओल सुरू होते त्याच्या खाली पाय ठेवायचा नाही. आजी गेली, नियम राहिला. शिवाय आमच्याकडे समुद्रावर 'फिरायला' जायची पद्धतच नव्हती. संध्याकाळी लिलावाच्या वेळी बंदरावर जायचं मासे आणायला. दशक्रियेला जायचं. पुण्या-मुंबईची माणसं टी-शर्ट घालून पाण्यात उड्या मारायची ती आम्ही लांबून बघायचो आणि बाबा दर वेळी म्हणायचे, त्यांना सांगा रे कोणीतरी, आज पाण्याला ओढ आहे.

२०१९ च्या हिवाळ्यात मी नोकरीसाठी टोकियोला आले, निशिकासाईत घर घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निशिकासाई म्हणजे टोकियोतला भारतीयांचा भाग, एदोगावा वॉर्डात. तिथे हिंग मिळतो, कढीपत्ता मिळतो, लिफ्टमध्ये मराठी ऐकू येतं. पहिलं वर्ष त्या आधारावरच गेलं. पण २०२० चा उन्हाळा कोरोनाचा, ऑफिस घरात, घर २५ चौरस मीटरचं, बाहेर ३५ डिग्री आणि हवा एवढी दमट की खिडकी उघडली तरी घुसमट. जुलैच्या एका शनिवारी मला अचानक समुद्र बघावासा वाटला, इतका की मी तशीच उठून मास्क लावून निघाले. त्या वर्षी कानागावा प्रांतातले किनारे कोरोनामुळे उघडलेच नव्हते, हे मला माहीत नव्हतं. झुशीला पोचले तर रिकामी वाळू, एकही झोपडी नाही. मी एका भिंतीवर बसले. लाटांचा आवाज आमच्याकडच्यापेक्षा बारीक होता. दोन तास बसून परत आले आणि त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी गाढ झोपले.

तेव्हापासून ही शनिवारची वारी लागली. निशिकासाईहून तोझाई लाइननं ओतेमाची, तिथून जमिनीखालच्या बोगद्यातून चालत टोकियो स्टेशन, मग योकोसुका लाइन, तिचे प्लॅटफॉर्म एवढे खोल की सरकत्या जिन्यावर उतरता उतरता कानांना दडा बसल्यासारखं होतं. निळ्या-पांढरट पट्ट्यांची गाडी. योकोहामापर्यंत शहरच शहर, मग ओफुना, मग एकदम डोंगर जवळ येतात, झाडी येते, किताकामाकुराच्या छोट्या स्टेशनात हिरवा वास डब्यात शिरतो. पुढे कामाकुरा, मग झुशी. दारापासून वाळूपर्यंत साधारण दोन तास. गाडीत आजूबाजूला पाहिलं की कळतं कोण कुठे चाललंय, कोणाच्या पिशवीतून फुगवायची ट्यूब डोकावत असते, कोणाच्या पायात आधीच चपला. त्या डब्यात मला कोणी कुठून आलात विचारत नाही. एरवी आठवडाभर मी परदेशी असते, बँकेत, वॉर्ड ऑफिसात, घराच्या एजंटसमोर. शनिवारी सकाळी साडेआठच्या गाडीत मी समुद्राला निघालेली एक बाई असते. हे मला फार हवंसं होतं, आहे.

पण समुद्र माझा मला ओळखीचा आहे हा जो माझा समज होता तो एका उन्हाळ्यात मोडला. आमच्या कोकणात भरतीची वेळ काढायची सोपी रीत आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे दुपारी समुद्र भरलेला. बाबा कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीनं बारीक अक्षरात उधाण कधी, भांग म्हणजे लहान भरती कधी, कितीला पाणी कुठपर्यंत आलं हे लिहितात, त्यांची अशी जुनी कॅलेंडरं एका ट्रंकेत जपून ठेवलेली आहेत. तर मी २०२२ च्या एका पौर्णिमेच्या आसपास झुशीला गेले, हिशोब केला, दुपारी पाणी चढणार म्हणून चटई खूप वर, भिंतीजवळ घातली. आणि पाणी मागे गेलं. पार मागे, जेवढं जाता येईल तेवढं. लोक उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर बसून किल्ले करत होते आणि मी लांब एकटी. नंतर तक्ते बघितले, इथे पौर्णिमा-अमावास्येला भरती पहाटे आणि संध्याकाळी पाचसहाच्या सुमाराला, ओहोटी ऐन दुपारी. चंद्र तोच, पण पाणी दर किनाऱ्याला आपापल्या वेळी पोचतं. आणि ते चढतंही किती कमी. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरच्या वर खालीवर होतं, इथे सागामीच्या उपसागरात दीड मीटरच्या आसपास. मला माहीत असलेलं काहीच इथे लागू पडत नव्हतं, मोसम उलटा, भरती उलटी. त्या दिवशी मला खरोखर रडू आलं, आणि ते भरतीमुळे नव्हतं, हे आता लिहिताना कळतंय.

उमिनोइए चालवणाऱ्या बाईंची ओळख त्याच दिवशी झाली. सत्तरीच्या असतील, हातभार उंचीचा पंखा समोर घेऊन बसलेल्या. त्यांनी मला बोलावून सावलीत बसवलं, बार्लीचा गार चहा दिला, पैसे घेतले नाहीत. माझं जपानी तेव्हा कामापुरतं. मी त्यांना कसंबसं सांगितलं की मला वाटलं पाणी येईल. त्यांनी भिंतीवरचा भरतीचा तक्ता काढून समोर ठेवला आणि बोटानं एकेक ओळ वाचून दाखवली, ओशिओ म्हणजे मोठं पाणी, कोशिओ म्हणजे लहान पाणी. मी म्हटलं आमच्याकडे उधाण आणि भांग. त्यांनी दोन्ही शब्द म्हणून बघितले. 'भांग' त्यांना छान जमला. मी मनात त्यांना मावशी म्हणते, समोर ओबासान. त्यांच्या झोपडीच्या प्रत्येक फळीवर मागच्या बाजूला आकडा घातलेला आहे, जूनमध्ये त्या आकड्यांप्रमाणे घर जोडायचं आणि शेवटी त्याच क्रमानं उलटं सोडायचं. त्यांच्या सासऱ्यांनी घातलेले आकडे, त्यांच्याच अक्षरात.

त्यांनीच मला विचारलं की दर आठवड्याला येतेस आणि पाण्यात का जात नाहीस. मी म्हटलं पोहता येत नाही. त्यांनी फक्त "पुढच्या वर्षी" एवढंच म्हटलं.

म्हणून मी शिकले. त्या ऑक्टोबरपासून घराजवळच्या वॉर्डच्या तलावावर, मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसनंतर. टोपी घातल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत, दर तासाला शिट्टी वाजते आणि सगळ्यांनी बाहेर येऊन काठावर बसायचं. माझ्या वर्गात मी ३४ वर्षांची आणि बाकीच्या चौघी साठीच्या पुढच्या. तोंड पाण्याखाली घालायलाच तीन आठवडे गेले. आजीचा नियम अंगात किती खोल गेलाय हे तेव्हा कळलं, डोक्याला सगळं मान्य होतं पण मान खाली जात नव्हती. शिकवणारी मुलगी एकदाही घाई करत नव्हती, ती नुसती हात माझ्या पाठीखाली धरायची आणि म्हणायची, श्वास सोडा, आधी सोडा. पुढे मार्चमध्ये एके दिवशी तिनं हात काढून घेतला होता आणि मला कळलंच नाही.

२०२३ च्या जुलैत, उमि नो हिच्या सुट्टीला, म्हणजे जुलैचा तिसरा सोमवार, समुद्राचा दिवस म्हणून इथे राष्ट्रीय सुट्टी असते, मी पहिल्यांदा खाऱ्या पाण्यात पाठीवर पडले. तलावापेक्षा समुद्र वर उचलतो हे वाचलेलं होतं पण अंगाला कळणं वेगळं. कानात पाणी, त्यामुळे किनाऱ्याचा सगळा गलका गेला आणि आत एक बारीक कडकड असा आवाज, वाळू हलण्याचा बहुतेक. वर फक्त पांढरं आभाळ. मला आजीची आठवण आली. बाबांच्या त्या चुलतभावाची आली, ज्यांचा मी फोटोसुद्धा पाहिलेला नाही. बाहेर आले तर ओबासाननी काकिगोरी तयार ठेवली होती, लिंबाची.

त्या उन्हाळ्यात मी सगळा किनारा पालथा घातला. कामाकुराहून एनोदेनची छोटी गाडी जाते, १९०२ साली तिचा पहिला टप्पा सुरू झाला, दहा किलोमीटरचा सगळा रस्ता, घरांच्या परसातून इतकी जवळून जाते की वाळत घातलेले कपडे मोजता येतील, आणि मग एका वळणावर एकदम डावीकडे समुद्र. एनोशिमाला गेले तर बेटावरच्या देवळात बेनझाइतेन. वाद्य घेतलेली, पाण्याची देवी. ती आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथवर आलेली, आणि जपानात येऊन ती पाण्याकाठीच राहिली, तिची नावाजलेली तीन ठाणी म्हणजे एनोशिमा, बिवा सरोवरातलं चिकुबुशिमा आणि मियाजिमा, तिन्ही बेटं. मी तिथे बराच वेळ उभी होते. दसऱ्याला पाटीवर आकड्यांची सरस्वती काढायचो ती आणि ही एकच, हे मनात नीट बसायला वेळ लागला. खाली उतरून शिरासु खाल्ले भातावर, जवळ्यासारखे दिसणारे पण जवळा नव्हे, माशांची पांढरी पिल्लं. घार वरून आली आणि शेजारच्या मुलाच्या हातातली ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, घेऊन गेली, तिथे जागोजागी पाट्या आहेत घारींपासून सावध म्हणून. घार मात्र अगदी आमच्या बंदरावरचीच, तीच दुभंगलेली शेपटी, तीच शीळ.

ऑगस्टच्या मध्यात ओबोन येतो. पितर घरी येतात, साधारण १३ ते १६, लोक गावी जातात, थडगी धुतात. ओबोनला समुद्रात जायचं नाही असं जुनी माणसं सांगतात, पितर पाण्यातून येतात-जातात आणि पाय ओढतात. तरुण मंडळी म्हणतात की त्या सुमारास जेलीफिश वाढतात आणि लांबच्या टायफूनच्या लाटा येऊ लागतात, म्हणून. ओबासानना विचारलं तर त्या म्हणाल्या, दोन्ही खरं आहे. मला हे ऐकून एकदम घरी आल्यासारखं झालं. आमच्या आजीचा नियम असाच होता, त्यात भीतीही होती आणि ओढ कुठे असते याचं ज्ञानही होतं, दोन्ही एकत्र विणलेलं.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या जुलैअखेर आई आली. बाबांनी वाडी सोडून यायला नकार दिला. आईनं बॅगेत कालनिर्णय आणलं होतं, कोकम, कुळथाचं पीठ, आणि एक सोललेला नारळ, वृत्तपत्रात बांधून. मी म्हटलं अगं इथे मिळतो नारळ. तर म्हणाली, नारळी पौर्णिमा आहे ना १९ ला, आपल्या झाडाचा असू दे.

आता जे सांगायचंय ते मला सोपं नाही. झुशीच्या किनाऱ्यावर २०१४ पासून नियम आहेत, वाळूवर दारू नाही, स्पीकर नाही, गोंदण उघडं दिसता कामा नये. त्याच्या आधीची काही वर्षं तिथे फार धिंगाणा चालायचा, गावकरी वैतागले होते, आणि इथे अंगावरचं गोंदण म्हटलं की गुंडांच्या टोळ्या आठवतात. मला हे नियम पटतात, शांत किनारा मला त्यामुळेच मिळाला. पण आईच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे. जत्रेत सात वर्षांची असताना गोंदवलेलं. ती सांगते की मेल्यावर बरोबर येणारा हा एकच दागिना. मी लहानपणी तापात तिच्या हातावरच्या त्या हिरव्या ठिपक्यांवरून बोट फिरवत झोपायचे.

आणि मी तिला शंभर येनच्या दुकानातून बाह्यांसारखे हातमोजे आणून दिले, इथल्या बायका उन्हासाठी घालतात तसे, मनगटापासून दंडापर्यंत. म्हटलं ऊन फार आहे आई, काळी पडशील. तिनं माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, घातले.

तो ऑगस्टही विचित्र होता. ८ तारखेला क्युशूजवळ ७.१ चा भूकंप झाला आणि सरकारनं नानकाई पट्ट्यात, म्हणजे जपानच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या समुद्रात, मोठा भूकंप होण्याची शक्यता वाढली आहे अशी सूचना काढली, पहिल्यांदाच. आठवडाभर काही किनारे बंद, दुकानांतून पाण्याच्या बाटल्या गायब. आई दाराशी चपला आणि पासपोर्ट एका पिशवीत ठेवून झोपायची. १५ ला सूचना उठली तर १६ ला टायफून, शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनसुद्धा बंद. शेवटी १८ ला, रविवारी, आम्ही निघालो. आभाळ एवढं धुतलेलं मी इथे कधी पाहिलं नव्हतं. झुशीच्या वाळूवर उतरलो तर समोर एनोशिमा आणि तिच्या मागे फुजी, उन्हाळ्यात सहसा दिसत नाही तो, निळा काळसर. झेंडा पिवळा.

ओबासाननी वाकून नमस्कार केला, आईनं हात जोडले. दोघींना एकमेकींची भाषा नाही. ओबासाननी पंखा आईकडे वळवला. आईनं पिशवीतून कोकम सरबताची बाटली काढली. थोड्या वेळानं पाहते तर दोघी फळीमागचे आकडे बघत होत्या आणि आई बोटांनी मोजून काहीतरी सांगत होती, बहुतेक आमच्या घराच्या कौलांबद्दल.

मग आई म्हणाली, "तू जा आत. मी बसते."

"तू पायापर्यंत तरी ये."

"मी बघते इथून."

मी गेले. ओहोटी संपून पाणी वळत होतं, लाटांत अजून टायफूनचा उरलेला जोर होता पण बोयांच्या आत बरं होतं. मी बोयापर्यंत गेले, धरला, वळून पाहिलं. एवढ्या माणसांत आई कुठे आहे हे लगेच कळलं, कारण ती एकटीच उभी होती, पाण्याच्या रेषेच्या अगदी वर, जिथे ओल सुरू होते तिथे. तशी उभी राहिलेली माणसं मी लहानपणी बंदरावर पाहिलीत, वादळाची बातमी असताना.

बाहेर आले. तिनं टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, केस पुसायला लागली, जोरजोरात, मी पाच वर्षांची असल्यासारखी. म्हणाली, "सुपारीएवढं दिसत होतं तुझं डोकं. लाट आली की जायचं, परत यायचं. मी मोजत होते." किती वेळा गेलं ते सांगितलं नाही. मग हातावरचा तो कापडी मोजा जरा खाली सरकवून घाम पुसला आणि एकदम म्हणाली, "त्या जिन्याजवळच्या पाटीवर हाताचं चित्र आहे. फुली मारलेलं. ऊन काय गं, सरळ सांगायचंस." मला बोलता येईना. मी म्हटलं, "चुकलं माझं." तिनं मोजा परत वर ओढला, नीट, दंडापर्यंत, आणि म्हणाली, "त्यांच्या घरात त्यांची रीत. पण मला सांगायचं."

चारच्या सुमाराला भरती पुरती चढली. आईनं नारळ काढला. आम्ही आदल्या रात्रीच बोललो होतो की इथे पाण्यात काही टाकणं बरोबर नाही, लोक वाळूवरचा काडीकचरासुद्धा घरी घेऊन जातात. ती घोट्यापर्यंत पाण्यात गेली, मग थोडी पुढे, साडी पोटरीपर्यंत भिजली, माझा हात धरून वाकली आणि नारळ पाण्याला टेकवला. एक लाट त्याच्यावरून गेली. तिनं तो उचलला, पदरानं पुसला आणि पिशवीत ठेवला. ओबासान लांबून बघत होत्या, त्यांनी हात जोडले होते.

सोमवारी त्याच नारळाचा नारळीभात झाला. डबा मी पुढच्या शनिवारी नेला असता तर खराब झाला असता म्हणून आईनं मला ऑफिसातून सुट्टी घ्यायला लावली आणि मंगळवारी आम्ही पुन्हा गेलो, दोन तास जायला, दोन तास यायला, एका डब्यासाठी. ओबासाननी लवंग बाजूला काढून हुंगली आणि मग तीही खाल्ली.

पण ते मंगळवारचं. रविवारी परत येताना झुशीच्या प्लॅटफॉर्मवर आईनं बाबांना फोन लावला होता, गाडीत बोलायचं नसतं म्हणून. सगळं सांगितलं, फुजी सांगितला, माझं डोकं सांगितलं, मोज्यांचं नाही सांगितलं. मग म्हणाली, "अहो, इथे पाऊणपट चालत नाही. आज चौदस ना, पण भरती चारला."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग बाबांचा आवाज, "मग तिथली काय रीत आहे ती लिहून आण."

गाडीत बसल्यावर तिनं पिशवीतून कालनिर्णय काढलं, माझ्याकडे पेन मागितलं, आणि १८ ऑगस्टच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं: झुशी. भरती दु. ४. बाळी आत गेली, आली. नारळ परत आणला.